यंत्रांनी किती बोलावं? काशीची नदी, मीटर आणि कॅमेरा



गेल्या काही भागांनंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतात. स्मार्ट मीटर घरात बसवू द्यावा का? सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बाहेर जाऊ शकतं का? आणि शेतातल्या पंपाला लावलेला मोबाइल स्टार्टर दुसरंच कोणी चालू करू शकेल का? प्रश्न तीन आहेत, पण मुळात तो एकच आहे. दुरून पाहणारी आणि दुरून चालवता येणारी यंत्रं आपण घरात, शेतात, शहरात लावत चाललो आहोत. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

याचं उत्तर शोधायला आज आपण काशीला जाणार आहोत. मराठी माणसाला काशी परकी नाही. अहिल्या घाट, शिंदे घाट, भोसले घाट ही नावंच ते सांगतात. पण आजचं कारण वेगळं आहे. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत वाराणसीची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. त्याच यादीत नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि औरंगाबाद ही आपली शहरंही होती. म्हणजे काशीत जे प्रश्न उभे राहतात, तेच आपल्याही दारात उभे आहेत.

काशीतली तीन यंत्रं घेऊ: नदीची पातळी मोजणारं, वीज मोजणारं आणि गर्दी पाहणारं. ती पाहिल्यावर एक सोपं सूत्र हाती लागेल. ते आधीच सांगून ठेवतो: यंत्राने कमी बोलावं, खरं बोलावं आणि मोजक्यांचंच ऐकावं.

पहिलं यंत्र: नदी मोजणारं

वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पावसाळ्यात हे आकडे काशीकरांच्या तोंडी असतात, कारण त्यांवरच सगळं ठरतं. नावा बंद करायच्या का, दशाश्वमेधची आरती वर छतावर न्यायची का, मणिकर्णिकेवरचे अंत्यसंस्कार वरच्या जागेत हलवायचे का, खालच्या वस्तीतल्या लोकांनी घरं कधी सोडायची. केंद्रीय जल आयोग ही पातळी नोंदवतो, आणि पुराच्या दिवसांत ती तासातासाला पाहिली जाते.

आता समजा, असंच पातळी मोजणारं एक लहान यंत्र आपल्याला बनवायचं आहे. ते काठावरच्या खांबावर बसेल, बॅटरीवर चालेल आणि मोजलेला आकडा रेडिओने पाठवेल. पहिला प्रश्न येतो बॅटरीचा.

बॅटरी मोजण्यात जात नाही, बोलण्यात जाते. मोजायला आणि हिशेब करायला लागणारी वीज थोडी असते. रेडिओ चालू झाला की खर्च एकदम वाढतो. उदाहरणादाखल साधे आकडे धरू. बॅटरी २,५०० मिलिअँपिअर-तासांची आहे. यंत्र जागं असून बोलत असताना १०० मिलिअँपिअर खातं आणि गाढ झोपेत फक्त ०.०१. एक संदेश पाठवायला ते ३ सेकंद जागं राहतं.

सतत बोलत राहिलं तर बॅटरी २५ तासांत संपेल. दर मिनिटाला बोललं तर सुमारे तीन आठवडे टिकेल. दर १५ मिनिटांनी बोललं तर दहा महिने. तासातून एकदाच बोललं तर हिशेबाने तीन वर्षं. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण बॅटरी पडून राहिली तरी हळूहळू उतरते. यंत्र तेच, बॅटरी तीच. बदललं ते एवढंच, की ते किती वेळा तोंड उघडतं.

पण पूर काही तासाचा काटा बघून येत नाही. म्हणून नियम असा करायचा: पाणी शांत असेल तर तासाला एक संदेश, आणि इशारा पातळी जवळ आली की दर ५ मिनिटांनी. दर ५ मिनिटांनी बोललं तरी आपली बॅटरी १०० दिवसांच्या आसपास टिकते, आणि पुराचे दिवस त्याहून पुष्कळ कमी असतात. गरज नसताना गप्प राहिलेलं यंत्र गरजेच्या वेळी बोलायला जिवंत असतं. ऊर्जाबचतीचा खरा अर्थ हा आहे.

आता सुरक्षेकडे येऊ. नदीची पातळी हे काही गुपित नाही. घाटाच्या पायऱ्या मोजणाऱ्या कोणालाही ती दिसते. मग हा संदेश कुलूपबंद करायची गरज काय? इथे बरेच जण गोंधळतात. सुरक्षा म्हणजे फक्त लपवणं असं आपण धरून चालतो. पण काही माहिती उघडी असली तरी चालते. ती बदललेली मात्र चालत नाही. पाणी ७१ मीटरवर असताना कोणी ६९ चा खोटा आकडा पाठवला, तर लोक घरातच थांबतील.

म्हणून प्रत्येक संदेशाला एक गणिती सही जोडतात. यंत्राकडे आणि केंद्राकडे एक गुप्त किल्ली असते. त्या किल्लीने आकड्यावरून एक छोटा संकेत तयार होतो. संदेशातला एक अंक जरी बदलला तरी संकेत जुळत नाही आणि केंद्र तो संदेश फेकून देतं.

तरीही एक चोरवाट उरते. काल दुपारचा खरा, सही असलेला संदेश कोणी टिपून ठेवला आणि आज रात्री तसाच पुन्हा पाठवला तर? सही खरीच आहे, दिवस मात्र जुना आहे. यावर उपाय अगदी चेकबुकासारखा: प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक द्यायचा. ४१७ नंबर येऊन गेला असेल तर पुन्हा आलेला ४१७ नाकारायचा. कमी विजेत लांबवर संदेश नेणाऱ्या लोरावॅन या पद्धतीत या दोन्ही गोष्टी असतात: चढता क्रमांक आणि चार बाइटचा सहीचा संकेत. फक्त चार बाइट! म्हणजे खरं बोलायला फार वीज लागत नाही.

अशा लहान यंत्रांसाठी हलकी कुलपं शोधण्याची स्पर्धा अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने घेतली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने ॲस्कॉन या पद्धतीची निवड केली. त्यामुळे ‘आमचं यंत्र लहान आहे, सुरक्षा परवडत नाही’ ही सबब आता चालण्यासारखी नाही.

दुसरं यंत्र: वीज मोजणारं

नदीचं यंत्र फक्त बोलतं. स्मार्ट मीटर बोलतो आणि ऐकतोही. तो वापर कळवतो, आणि केंद्राकडून आज्ञा आली तर घराची वीज तोडतोही. ऐकणारं यंत्र आलं की सगळा हिशेब बदलतो.

हे समजून घ्यायला ज्या राज्यात काशी आहे, त्या उत्तर प्रदेशातलीच घटना पाहू. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीचा दिवस. राज्यातल्या अनेक शहरांत स्मार्ट मीटर असलेल्या घरांचे दिवे अचानक गेले. शेजारच्या साध्या मीटरच्या घरात वीज आहे, आपल्याकडे नाही. बिल भरलेलं आहे, तरी वीज नाही. दीड लाखांहून अधिक ग्राहकांची वीज अशी तुटली. कारण काय, तर यंत्रणेतून मीटरांना गेलेली चुकीची आज्ञा. पुढे चौकशी झाली आणि नवे स्मार्ट मीटर बसवण्याचं कामही थांबवण्यात आलं.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे? एवढं घडवायला वेगळा हल्लेखोर यावा लागत नाही. कुलूप मजबूत असेल, संदेशावर सही असेल, क्रमांकही बरोबर असेल. तरी आज्ञा देणारी जागाच चुकली, तर प्रत्येक मीटर ती प्रामाणिकपणे पाळतो. जुन्या पद्धतीत वीज तोडायला लाइनमनला शिडी घेऊन यावं लागायचं. दिवसभरात तो तोडून तोडून किती घरांची तोडणार? त्याचा संथपणा हाच एक बंदोबस्त होता. आपण शिडी काढून टाकली, आणि तिच्याबरोबर तो बंदोबस्तही गेला.

तो परत आणता येतो, फक्त आधी ठरवावं लागतं. एका तासात अमुक संख्येपेक्षा जास्त मीटर तोडण्याची आज्ञा यंत्रणेने स्वीकारूच नये. मोठ्या आज्ञेला दोन अधिकाऱ्यांची मंजुरी लागावी. आज्ञा लगेच अमलात न येता थोडा वेळ थांबावी, म्हणजे चूक लक्षात आली तर मागे घेता येईल. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो. तो ग्राहकाला त्रास व्हावा म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट: नोंद. या घटनेनंतर बरोबर दोन महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकल थांबल्या, ऐन करोनाकाळात रुग्णालयांची धावपळ झाली. पुढे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने यात सायबर घातपाताची शंका व्यक्त केली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. तो वाद आज आपल्याला सोडवायचा नाही. पण धडा घ्यायला हरकत नाही. कोणती आज्ञा, कोणाच्या नावाने, किती वाजता गेली, याची न पुसता येणारी नोंद जितकी चांगली, तितकं चूक आणि हल्ला वेगळे ओळखणं सोपं.

मीटर आपल्याबद्दल काय सांगतो?

आता खासगीपणा. ‘माझ्या घरात किती युनिट जळतात हे कळलं तर काय बिघडलं?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. महिन्याचा एक आकडा कळला तर खरंच फारसं बिघडत नाही. पण स्मार्ट मीटर साधारण १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यांत वापर नोंदवू शकतो. त्या नोंदीतून पहाटे गीझर किती वाजता लागला, घर दिवसभर रिकामं होतं का, रात्री कोण जागं होतं, गावाला गेलेलं कुटुंब कधी परतलं, हे वाचता येतं. टप्पा जितका बारीक, तितकं घर पारदर्शक.

ही काही आजची शंका नाही. एकाच मीटरच्या आकड्यांवरून घरातली वेगवेगळी उपकरणं ओळखण्याची पद्धत अमेरिकेतले संशोधक जॉर्ज हार्ट यांनी विकसित केली. आणि याच तंत्राने घरांवर पाळत ठेवता येईल, असा इशारा १९८९ च्या लेखात त्यांनी स्वतःच दिला. पुढे नेपरविल या अमेरिकन गावातल्या रहिवाशांनी १५ मिनिटांच्या नोंदींविरुद्ध दावा लावला. २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की अशा नोंदी घेणं ही घराची एक प्रकारे झडतीच आहे. मात्र वीजपुरवठ्याच्या कामासाठी ती वाजवी आहे. निकालाचे दोन्ही भाग लक्षात ठेवा. काम खरं असेल तर माहिती घेता येते. पण ती घेणं म्हणजे घरात डोकावणं आहे, हे मान्य करूनच घ्यायची.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, संमती ही सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते, असं तत्त्व आहे.

मग आवश्यक किती? बिलासाठी महिन्याची बेरीज पुरते. दिवसाच्या वेळेनुसार दर असतील, तर त्या त्या वेळांच्या बेरजा पुरतात. रोहित्रावर भार किती, हे पाहायला संपूर्ण गल्लीची बेरीज चालते. तुमच्या घराचा वेगळा आकडा लागत नाही. बेरीज मीटरमध्येच करून फक्त तीच पाठवली, तर बिल बरोबर येतं आणि गीझरची वेळ घरातच राहते. शिवाय संदेश कमी झाले, वीज वाचली. आणि केंद्राचा संगणक उद्या कोणी फोडला, तर चोराच्या हाती बेरजा लागतील, तुमची दिनचर्या नाही. जे साठवलंच नाही, ते चोरीला जात नाही.

तिसरं यंत्र: गर्दी पाहणारं

वाराणसीत सिगरा इथे काशी इंटिग्रेटेड कमांड अँड कंट्रोल सेंटर आहे. शहरातल्या कॅमेऱ्यांची दृश्यं तिथे मोठ्या पडद्यांवर येतात. देवदिवाळीला घाटांवर जी गर्दी लोटते ती पाहिली, की अशा केंद्राची गरज पटते. चेंगराचेंगरी टाळायची तर कुठे माणसं साचली, हे वेळेत कळायलाच हवं.

पण घाट ही साधी जागा नाही. तिथे बायका स्नान करतात. तिथे कुणी आईच्या अस्थी विसर्जित करत असतं. मणिकर्णिकेवर रडणारं कुटुंब सार्वजनिक ठिकाणी उभं असलं, तरी त्याचं दुःख सार्वजनिक नसतं. गर्दी मोजायला चेहरा लागत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

आकडे मांडू. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट वेगाने चित्रण पाठवत राहिला, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट होतात. त्याऐवजी कॅमेऱ्यातल्याच लहान संगणकाने माणसं मोजली आणि दर मिनिटाला २० बाइटचा एक आकडा पाठवला, तर दिवसाचे २९ किलोबाइटही होत नाहीत. काम तेच: गर्दी वाढली की घंटा वाजते. जाळ्यावरचा भार, साठवणुकीची वीज आणि पाळत, तिन्ही एकदम खाली येतात. गुन्ह्याच्या तपासाला चित्रण लागतं, हे खरं. ते जागेवरच ठरावीक दिवस ठेवावं, कोणी उघडलं त्याची नोंद व्हावी आणि मुदतीनंतर पुसलं जावं.

कॅमेऱ्याची दुसरी बाजू आणखी धोक्याची आहे. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक किडा इंटरनेटवर फिरत होता. तो काही मोठं गणित सोडवत नव्हता. कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड त्याला पाठ होते आणि दिसेल त्या कॅमेऱ्यावर, डीव्हीआरवर, राउटरवर तो ते लावून पाहायचा. लाखो यंत्रांचं दार असं उघडलं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचं चित्र नेहमीसारखं दिसत होतं. म्हणजे आपला पासवर्ड न बदलण्याची किंमत कधी कधी दुसराच मोजतो.

तिन्ही एकत्र, आणि कुठे भांडतात तेही

आता सूत्र पुन्हा पाहा. कमी बोलावं: बॅटरी टिकते, खासगीपणा राहतो, चोराला मिळणारा ऐवज घटतो. खरं बोलावं: सही आणि क्रमांक. मोजक्यांचंच ऐकावं: आज्ञा देणारे थोडे, त्यांच्यावर मर्यादा, आणि प्रत्येक आज्ञेची नोंद.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ही तत्त्वं कधी एकमेकांच्या आड येतात. फार गप्प राहणारं यंत्र झोपलंय की मेलंय, हे कळत नाही. पुराच्या रात्री हा फरक जीवघेणा ठरेल. म्हणून सांगण्यासारखं काही नसलं तरी ठरलेल्या वेळी ‘मी आहे’ एवढं यंत्राने म्हणावं, आणि तो निरोप चुकला तर केंद्रात घंटा वाजावी. सॉफ्टवेअर अपडेट उतरवायला बॅटरी बरीच खर्च होते, पण अपडेट न घेणारं यंत्र वर्षागणिक कच्चं होत जातं. तेवढी बॅटरी सुरक्षेसाठी राखून ठेवायचीच. वाचवलेली वीज कुठे खर्चायची, हाही ऊर्जाबचतीचाच भाग आहे.

आता तुमच्या घरी

सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे परत येऊ.

स्मार्ट मीटर: विरोध किंवा पाठिंबा याआधी चार प्रश्न लेखी विचारा. किती मिनिटांच्या नोंदी घेता? त्या किती दिवस ठेवता? कोणाला देता? वीज तोडण्याची आज्ञा चुकली तर किती वेळात जोडून द्याल?

सोसायटीचा कॅमेरा: कारखान्याचा पासवर्ड आजच बदला. कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळं वायफाय करा. बाहेरून पाहण्याची सोय लागत नसेल तर बंद ठेवा. कोणाच्या दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड असेल तर ते फिरवा. नवा घेताना, केंद्र सरकारने २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी अधिसूचित केलेल्या सुरक्षेच्या अटींमध्ये तो बसतो का, हे दुकानदाराला विचारा.

पंपाचा मोबाइल स्टार्टर: तो कोणाचंही ऐकतो की ठरावीक नंबरांचंच, हे आधी पाहा. दुसऱ्याच मोबाइलवरून आज्ञा देऊन बघा. पंप चालू झाला, तर सेटिंगमध्ये फक्त घरचे नंबर ठेवा आणि पासवर्ड बदला. विहीर कोरडी असताना पंप आपोआप बंद होण्याची सोय मात्र यंत्रातच असू द्या. ती रेंजवर अवलंबून ठेवू नका.

यातलं एक तरी काम आज रात्री झोपण्यापूर्वी करा. मला विचाराल तर कॅमेऱ्याच्या पासवर्डपासून सुरुवात करा. पाच मिनिटं लागतात. झालं की कळवा, आणि अडलं तर नक्की विचारा. पुढच्या भागात त्याच प्रश्नांपासून सुरुवात करू.